डॉसबॉक्सवर असेंब्लीतून आवाज शिकवताना: बेळगाव, खानापूर, निपाणीच्या वर्गांसाठी पायरीवार पद्धत

बेळगाव भागात 8086 या इंटेलच्या जुन्या प्रोसेसरची असेंब्ली बहुतेकांना भेटते ती डिप्लोमाच्या किंवा विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या प्रयोगवहीतून: दोन आकड्यांची बेरीज, स्ट्रिंग उलटी करणे, स्क्रीनवर अक्षर छापणे. हार्डवेअरला थेट हात घालायचा तर पीसी स्पीकरसारखे, म्हणजे संगणकातल्या साध्या बीप करणाऱ्या स्पीकरसारखे, दुसरे साधन नाही. आज्ञा दहा-बारा, आणि निकाल कानाला लगेच कळतो. तरीही वर्गात दोन गोष्टी हमखास बिघडतात. आवाज सुरू होतो पण बंद करता येत नाही. किंवा आवाज येतो, सगळे खूश होतात आणि तो चुकीचा आहे हे कोणाच्या लक्षातच येत नाही. म्हणून या लेखात बंद करणे आधी आहे आणि वाजवणे नंतर. प्रत्येक सुराचा आकडाही मोजून पाहायचा आहे.

लेखातले सगळे आकडे दशमान आहेत, आणि ते मुद्दाम. प्रयोगवहीत 21 च्या मागे एच (षोडशमान आकड्याची खूण) असतो. मुले तो विसरतात, मग इंट 21 म्हणजे दशमान 21 होतो आणि प्रोग्राम भलत्याच सेवेला हाक मारतो. दशमानात 33 लिहिले की हा घोळच उरत नाही. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या, आणि लेबलेसुद्धा, इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.

1. तयारी: वर्गाच्या आदल्या दिवशी

64 बिट विंडोजवर 16 बिट प्रोग्राम चालत नाहीत, म्हणून डॉसबॉक्स, म्हणजे जुन्या डॉस संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम (इम्युलेटर), लागतोच. असेंब्लरसाठी नासम घ्या. मासम या मायक्रोसॉफ्टच्या असेंब्लरपेक्षा तो सोपा पडतो, कारण सेगमेंटच्या ओळी न लिहिता थेट .कॉम फाइल तयार होते. डॉसबॉक्स आणि नासम दोन्ही मोफत आहेत, उबंटूवर दोन्ही रिपॉझिटरीत मिळतात. विंडोजची इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर ठेवा. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात वीज आणि नेट दोन्ही एकदम जातात, आणि वीस मशीनवर एकाच वेळी डाउनलोड करणे शहरातसुद्धा जमत नाही.

प्रत्येक मशीनवर हे करून ठेवा:

- सी ड्राइव्हवर "आवाज" या अर्थाचे, इंग्रजी अक्षरांतले छोटे फोल्डर. नाव आठ अक्षरांच्या आत, मध्ये जागा नको.
- डॉसबॉक्सच्या कॉन्फिग फाइलमध्ये सायकल्स "फिक्स्ड 3000". "ऑटो" किंवा "मॅक्स" ठेवले तर प्रत्येक मशीनचा वेग वेगळा येतो आणि शंकांची उत्तरे देताना शिक्षकच गोंधळतो.
- त्याच फाइलच्या स्पीकर विभागात पीसीस्पीकर "ट्रू" आहे ना, मिक्सर विभागात नोसाउंड "फॉल्स" आहे ना, हे पाहणे.
- "कॅप्चर्स"चा मार्ग वर्गाच्या फोल्डरकडे वळवणे. रेकॉर्डिंग तिथे पडते. नाहीतर ते शोधण्यातच तास जातो.
- ऑडॅसिटी हा ध्वनी तपासण्याचा प्रोग्राम, मोजमापासाठी.
- हेडफोन. दोन मुलांत एक मशीन असेल तर साधा 3.5 मिमी स्प्लिटर चालतो.

⚠ पीसी स्पीकरची लहर चौकोनी असते आणि हेडफोनमध्ये ती कानाला टोचते. सुरुवातीला विंडोजचा आवाज दहा टक्क्यांवर ठेवा. हेडफोन आधी गळ्यात. आवाज किती आहे ते कळल्यावर कानाला.

तपासा: कीबोर्ड इंग्रजीवर आहे का? आपल्याकडच्या मशीनवर इंग्रजी, कन्नड आणि मराठी असे तीन कीबोर्ड असतात, वर नुडी हे कन्नड टायपिंगचे सॉफ्टवेअर. मागच्या तासाला कोणी कन्नड पत्र टाइप केले असेल, तर डॉसबॉक्समध्ये कोलन आणि उलटी तिरकी रेघ भलत्याच कळांवर सापडतात. फाइल नोटपॅडमध्ये असेल तर शेवटी गुपचूप .टीएक्सटी चिकटले नाही ना, तेही पाहून घ्या.

2. पहिला प्रोग्राम: गप्प करणारा

मुले आवाजाची वाट पाहत असतात, तरी हा आधी लिहून घ्या.

ऑर्ग 256
इन एएल, 97
अँड एएल, 252
आउट 97, एएल
मूव्ह एएक्स, 19456
इंट 33

97 क्रमांकाच्या पोर्टचे (हार्डवेअरशी बोलण्याच्या दाराचे) खालचे दोन बिट स्पीकरचे असतात. बिट 0 टायमरला वाजू देतो, बिट 1 तो आवाज स्पीकरपर्यंत पोचवतो. 252 शी अँड केले की हे दोन बिट शून्य होतात आणि बाकीचे सहा जसेच्या तसे राहतात. शेवटच्या दोन ओळी डॉसकडे परत जाण्यासाठी आहेत.

नासमने असेंबल करायचे ते विंडोजच्या किंवा उबंटूच्या टर्मिनलमध्ये, डॉसबॉक्सच्या बाहेर. फॉरमॅट "बिन", आउटपुटचे नाव .कॉम. मग डॉसबॉक्समध्ये फोल्डर माउंट करून चालवायचे. काहीच ऐकू येणार नाही, आणि तेच बरोबर आहे.

⚠ पुढचे वाक्य फळ्याच्या कोपऱ्यात कायमचे लिहून ठेवा. डॉसबॉक्स माउंट केलेल्या फोल्डरची यादी लक्षात ठेवतो. नंतर तयार झालेली फाइल त्याला दिसत नाही. कंट्रोल एफ4 दाबा, किंवा "रीस्कॅन" टाइप करा. "सर, फाइल दिसेना झालीय" या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा हेच असते. काही लॅपटॉपवर एफ-कळांसाठी सोबत एफएन दाबावी लागते.

3. एकच सूर, कागदावर काढून मग कोडमध्ये

टायमर चिपला सेकंदाला 1193182 ठोके मिळतात. हवी ती वारंवारिता भाजक म्हणून वापरून या आकड्याला भागायचे. येणारा आकडा टायमरला द्यायचा. 440 हर्ट्झसाठी तो 2712. हा भागाकार प्रत्येकाने वहीत करावा. त्याचे दोन बाइटही तिथेच पाडून घ्या: वरचा 10 (10 गुणिले 256 म्हणजे 2560), खालचा 152.

आता क्रम. तो बदलता येत नाही:

1. नियंत्रण बाइट 182, पोर्ट 67 वर.
2. खालचा बाइट, पोर्ट 66 वर.
3. वरचा बाइट, त्याच पोर्ट 66 वर.
4. पोर्ट 97 चे खालचे दोन बिट चालू.

182 हा आकडा पाठ करून घेऊ नका, फळ्यावर फोडा: 10 11 011 0. पहिले दोन बिट म्हणजे टायमरची वाहिनी 2. पुढचे दोन म्हणजे आधी खालचा बाइट, मग वरचा. पुढचे तीन म्हणजे चौकोनी लहर. शेवटचा शून्य म्हणजे आकडा साधा बायनरी. कन्नड आणि मराठी मुले एका बाकावर असतात तिथे फळ्यावरची ही आठ घरे दोघांनाही सारखीच कळतात. भाषांतर करत बसावे लागत नाही.

ऑर्ग 256
मूव्ह एएल, 182
आउट 67, एएल
मूव्ह एएक्स, 2712
आउट 66, एएल
मूव्ह एएल, एएच
आउट 66, एएल
इन एएल, 97
ऑर एएल, 3
आउट 97, एएल
मूव्ह एएच, 0
इंट 22 ; कळ दाबेपर्यंत थांब
इन एएल, 97
अँड एएल, 252
आउट 97, एएल
मूव्ह एएक्स, 19456
इंट 33

इथे होणाऱ्या चुका आणि त्या कशा ओळखायच्या:

*गुरगुर ऐकू येते.* दोन बाइट उलटे गेले. आधी 10 आणि मग 152 गेले तर आकडा 38922 होतो, आणि सूर येतो सुमारे 30 हर्ट्झचा.

*"आउट 66, एएक्स" लिहून एका फटक्यात दोन्ही बाइट पाठवले.* असेंब्लर तक्रार करत नाही, पण वरचा बाइट 66 वर न जाता शेजारच्या 67 वर, म्हणजे नियंत्रणाच्या पोर्टवर जाऊन पडतो.

*182 ऐवजी 54.* वाहिनीचे बिट चुकले, 10 च्या जागी 00 गेले. वाहिनी 0 हे मशीनचे घड्याळ आहे. ते अडकले की वेळेवर चालणारा प्रोग्राम लटकतो आणि मुले आवाजाच्या कोडमध्ये चूक शोधत बसतात. असे झाले तर कंट्रोल एफ9 ने डॉसबॉक्स बंद करून नव्याने सुरू करा.

*97 वर थेट 3 पाठवले, इन आणि ऑर गाळले.* डॉसबॉक्सवर आवाज येतो! म्हणूनच ही चूक वाईट. त्या पोर्टच्या इतर बिटांवर कीबोर्डसारखी दुसरी कामे असतात. खऱ्या मशीनवर ती बिघडतात. इम्युलेटर माफ करतो म्हणून मार्क देऊ नका.

*प्रोग्राम संपला तरी आवाज चालूच.* शेवटचा अँड राहिला. पायरी 2 चा प्रोग्राम चालवा. तो आधी का लिहून घेतला, हे आता कोणाला सांगावे लागत नाही.

4. मोजणे

सूर वाजत असताना कंट्रोल एफ6 दाबा, दोन सेकंद थांबा, पुन्हा दाबा. वेव्ह फाइल ऑडॅसिटीत उघडा, मधला स्थिर तुकडा निवडा आणि स्पेक्ट्रमचा आलेख काढा. आलेखाची साइझ 16384 किंवा त्याहून जास्त घ्या. 44100 च्या रेकॉर्डिंगवर त्याचा बारकावा सुमारे 2.7 हर्ट्झ येतो. लहान साइझवर 435 आणि 440 एकाच ढिगात दिसतात आणि मोजण्याला अर्थ उरत नाही.

दिसायला हवे: पहिले शिखर 440 जवळ, पुढची 1320 आणि 2200 जवळ. म्हणजे विषम पट. 880 ला ठळक शिखर दिसले तर लहर चौकोनी नाही. मोडचे तीन बिट तपासा, किंवा आवाज फार मोठा होऊन कापला जातोय का ते पाहा.

ज्यांच्या घरी भजनाची पेटी आहे त्यांना पांढरी सहाशी ताडून पाहायला सांगा. मात्र पेटी जुनी असेल तर आधी फोनवरच्या ट्यूनरने तिचा सूर पाहा. पेटी उतरलेली निघाली म्हणून कोड बदलायचा नसतो.

5. सात सूर आणि थांबण्याची वेळ

पांढरी एकचा सा धरून हे आकडे, पेटीच्या समान अंतराच्या सुरांनुसार:

सा 4561, रे 4063, ग 3620, म 3417, प 3044, ध 2712, नि 2416, वरचा सा 2280.

आकडा लहान झाला की सूर चढतो. हे सांगूनही निम्मी मुले सूर चढवायला आकडा वाढवतात. वरचा सा खालच्याच्या निम्मा आहे हे दाखवले की मग बसते.

थांबण्यासाठी रिकामे लूप फिरवू नका. सायकल्स बदलले की लय बदलते. कंट्रोल एफ12 दाबून धून पळवून दाखवा, वर्गाला पटते. बायोसचे (मशीनच्या मूळ सॉफ्टवेअरचे) घड्याळ वापरा. ते सेकंदाला सुमारे 18.2 ठोके देते, म्हणजे एक ठोका साधारण 55 मिलिसेकंदांचा.

थांब: ; डीआयमध्ये किती ठोके ते
मूव्ह एएच, 0
इंट 26
मूव्ह बीएक्स, डीएक्स
फेरी:
मूव्ह एएच, 0
इंट 26
सब डीएक्स, बीएक्स
सीएमपी डीएक्स, डीआय
जेबी फेरी
रेट

⚠ ही सेवा सीएक्स, डीएक्स आणि एएल तिन्ही पुसते. सीएक्समध्ये सुरांची मोजणी ठेवून "लूप" वापरला तर धून दोन सुरांनंतर थांबते किंवा कधीच थांबत नाही. मोजणीऐवजी यादीच्या शेवटी शून्य ठेवा.

वाजवण्याचा भाग:

वाजव: ; एएक्समध्ये सुराचा आकडा
मूव्ह बीएक्स, एएक्स
मूव्ह एएल, 182
आउट 67, एएल
मूव्ह एएक्स, बीएक्स
आउट 66, एएल
मूव्ह एएल, एएच
आउट 66, एएल
इन एएल, 97
ऑर एएल, 3
आउट 97, एएल
रेट

मुख्य भाग:

सीएलडी
मूव्ह एसआय, धून
पुढे:
लॉडएसडब्ल्यू
सीएमपी एएक्स, 0
जेई संपले
कॉल वाजव
लॉडएसडब्ल्यू
मूव्ह डीआय, एएक्स
कॉल थांब
कॉल बंद
मूव्ह डीआय, 1
कॉल थांब
जेएमपी पुढे
संपले:
मूव्ह एएक्स, 19456
इंट 33

"बंद" म्हणजे पायरी 2 च्या 97 वाल्या तीन ओळी आणि रेट. फाइलमध्ये क्रम असा: वर ऑर्ग 256, मग मुख्य भाग, मग तिन्ही उपप्रोग्राम, सर्वांत खाली "धून: डीडब्ल्यू 4561, 8, 4063, 8" अशा जोड्या आणि शेवटी 0. यादी वर ठेवली तर प्रोसेसर सुरांचे आकडेच आज्ञा समजून चालवायला लागतो. आठ ठोके सूर आणि एक ठोका गप्प मिळून साधारण अर्धा सेकंद होतो. हा एक ठोका गाळला तर "सा सा" हा एकच लांब सा ऐकू येतो.

या पायरीतली सगळ्यात फसवी चूक मात्र वेगळीच, आणि ती "वाजव"च्या पहिल्या ओळीत दडलेली आहे. पायरी 3 मध्ये 182 आधी गेला आणि आकडा नंतर आला. इथे आकडा आधीच एएक्समध्ये बसलेला असतो. तो बीएक्समध्ये न ठेवता थेट एएलमध्ये 182 टाकला, की आकड्याचा खालचा बाइट पुसला जाऊन तिथे 182 राहतो. प्रोग्राम चालतो, सात सूर चढत्या क्रमाने वाजतात, वर्ग टाळ्या वाजवतो. पण सा 261.6 ऐवजी 263 होतो, ध 440 ऐवजी 435, प 392 ऐवजी 398. आणि ग 329.6 वरून 317 च्या आसपास घसरतो, कोमल गंधाराच्या दारातच जाऊन बसतो. धून ओळखू येते, फक्त न लावलेल्या पेटीवर वाजवल्यासारखी. गाणे शिकणारे एखादे पोर "गंधार उतरलाय" म्हणते, बाकीच्यांना पत्ता नसतो. म्हणून ग चा आकडा ऑडॅसिटीत मोजल्याशिवाय ही पायरी पूर्ण धरू नका. सा मोजून भागत नाही; त्याच्यात चूक दिसत नाही.

तपासा: यादी डीडब्ल्यूने लिहिली आहे ना? डीबीने लिहिली तर 4561 बाइटमध्ये मावत नाही. नासम फक्त इशारा देतो आणि फाइल तयार करून मोकळा होतो. इशारे वाचायची सवय लावा. मासमच्या .ईएक्सईमध्ये हेच करत असाल तर डीएसमध्ये डेटा सेगमेंट भरायच्या दोन ओळी विसरू नका, नाहीतर लॉडएसडब्ल्यू भलतीकडूनच आकडे उचलतो.

वेळ उरला तर एक सराव जरूर घ्या. शुद्ध गंधार साच्या सव्वापट. टायमरचा आकडा उलट्या प्रमाणात चालतो, म्हणून 4561 चे चार पंचमांश: 3649. पेटीचा ग 3620. तानपुऱ्याचे अॅप पांढरी एकवर लावून दोन्ही आळीपाळीने वाजवा. फरक 2.6 हर्ट्झचाच आहे, पण संगीताच्या क्लासला जाणाऱ्यांना तो कळतो. पंचमासाठी दोन तृतीयांश घ्या, 3041 येतो. पेटीच्या 3044 पासून तो इतका जवळ का, हे मुलांना शोधू द्या.

6. अॅडलिब: स्पीकर पक्का झाल्यावरच

डॉसबॉक्समध्ये अॅडलिब या जुन्या साउंड कार्डाची वायएम3812 चिपही असते. तिला नऊ वाहिन्या. इथे दोनच पोर्ट: 904 वर रजिस्टरचा (चिपमधल्या कप्प्याचा) क्रमांक, 905 वर त्याची किंमत. आउट आज्ञेत थेट लिहिता येतो तो 255 पर्यंतचाच पोर्ट, त्यामुळे हे दोन्ही डीएक्समधून.

पहिल्या वाहिनीवर 440 चा सूर काढायला या जोड्या याच क्रमाने पाठवा (रजिस्टर, किंमत):

32, 1
64, 16
96, 240
128, 119
35, 1
67, 0
99, 240
131, 119
160, 68
176, 50

176 ला शेवटी ठेवा. त्यातला 32 चा बिट म्हणजे कळ दाबणे. तो आधी गेला तर अर्धवट भरलेला आवाज सुरू होतो. 50 म्हणजे 32, सप्तक 4 चे 16 आणि वारंवारितेच्या आकड्याचे वरचे 2. हा आकडा 580: वरचा भाग 2, खालचा 68. गणित असे: 440 गुणिले 65536, भागिले 49716. सूर सोडायला 176 वर 18.

दर वेळी रजिस्टरचा क्रमांक पाठवल्यावर पोर्ट 904 सहा वेळा वाचा, किंमत पाठवल्यावर पस्तीस वेळा. खऱ्या चिपला तेवढी उसंत लागते. डॉसबॉक्सला लागत नाही, तरी वाचायचे. 97 चाच नियम इथेही.

तीन ठिकाणी मुले अडकतात. 64 आणि 67 या रजिस्टरांत खालचे सहा बिट आवाज *कमी* करतात: 0 म्हणजे पूर्ण मोठा, 63 म्हणजे जवळजवळ गप्प. "आवाज वाढवतो" म्हणून 63 टाकणारा दर बॅचला एक असतोच. दुसरे, प्रत्येक वाहिनीला दोन ऑपरेटर (मिळून एक आवाज घडवणारे भाग) असतात: पहिलीला 0 आणि 3, दुसरीला 1 आणि 4, तिसरीला 2 आणि 5, पण चौथीला 8 आणि 11. तिथे 6 आणि 9 टाकले की चौथा सूर गप्प राहतो, आणि दोष वारंवारितेच्या रजिस्टरावर जातो, जी चौथीसाठी 163 आणि 179 अशी सरळ क्रमानेच असतात. तिसरे, मागच्या प्रोग्रामच्या किमती चिपमध्ये राहिलेल्या असतात. एकाच्या मशीनवर वाजते आणि शेजारच्यावर नाही, तेव्हा बहुधा एखादी जोडी लिहायची राहिलेली असते आणि वाजणारे मशीन आधीच्या प्रोग्रामच्या उसन्या किमतीवर वाजत असते. सुरुवातीलाच 1 ते 245 पर्यंतच्या सगळ्या रजिस्टरांत शून्य भरून घ्या आणि मग दोन्ही मशीनवर पुन्हा चालवा.